कच्चा लाल

नाचणगावच्या सिस्टरबाईंनी फोनवर आधी स्वतःची ओळखही सांगितली नाही. थेट विचारलं, "गालिचे पाहता म्हणे तुम्ही. इराणी पाहता का?"

मी म्हटलं, "पाहते."

"मग एकदा येऊन जा. पण खरं काय ते सांगाल ना? लोक बाईमाणूस पाहून गोड बोलतात."

वर्ध्यात मला या कामासाठी क्वचितच कोणी बोलावतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं जयपूरला होतो. घरी बसून जीव कंटाळायचा, म्हणून मी जुन्या गालिच्यांच्या एका व्यापाऱ्याकडे रफूच्या खोलीत कामाला लागले. आधी उसवलेल्या कडा बांधायच्या, मग झडलेल्या गाठी भरायच्या. पुढे डोळा बसला तसं आलेला माल पाहून तो कुठला, किती जुना, किती ठिकाणी दुरुस्त केलेला, हेही मी सांगायला लागले. नवरा रिटायर झाल्यावर आम्ही नालवाडीला घर बांधून परत आलो. माझं माहेर केळझरचं. तिथल्या लोकांच्या मते मी जयपूरला चटया विकत होते, आणि मीही आता ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

जे बोलावतात त्यांची बहुतेक निराशाच होते. काश्मिरी म्हणून घेतलेला गालिचा मशीनवरचा निघतो, रेशमी म्हणून जपलेला साध्या सुती धाग्याचा. मी सांगते, लोकांचा चेहरा पडतो, आणि चहा जरा उशिराच येतो. त्यामुळे सिस्टरबाईंच्या गालिच्याकडूनही मी फार अपेक्षा ठेवली नव्हती. पुलगावच्या बसमध्ये बसले तेव्हा पिशवीत नेहमीचं सामान होतं. भिंग, टॉर्च, मोजपट्टी, पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे.

पुलगावहून ऑटोनं नाचणगाव. कापूस वेचायचे दिवस होते. घर विचारावं लागलं नाही. "सिस्टरबाईकडे" म्हटल्यावर ऑटोवाल्यानं थेट दारात आणून सोडलं. बाई उंच, काटक, पांढरे केस घट्ट बांधलेले, अंगावर इस्त्रीची सुती साडी. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, पण चालणं असं की वॉर्डात राउंडला निघाल्यात. लग्न केलं नव्हतं. नोकरी वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात झाली, आणि रिटायर झाल्यावर त्या भावाच्या घरी राहायला आल्या. भाऊ काही वर्षांपूर्वी वारला. त्याचा मुलगा पुण्याला असतो. आता त्या मोठ्या घरात दोघीच, नणंद आणि भावजय.

भावजय मला आधी दिसलीच नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक ठेंगणी, जाड बाई पाय लांब करून तूर निवडत बसली होती. मी "नमस्कार मावशी" म्हटलं तर तिनं मान हलवली आणि परत सुपात पाहायला लागली.

पुढच्या खोलीत उजेड कमी होता. मी म्हटलं, अंगणात घेऊ. सिस्टरबाईंनी आणि मी मिळून ताडपत्री अंथरली, तिच्यावर गालिचा आणून ठेवला. तो जुन्या चादरीत गुंडाळून नाड्यांनी बांधलेला होता, आत कडुनिंबाचा वाळका पाला. नाड्या सोडताना बाई बोलत होत्या.

"मी इराणला नर्स होते. तरुण होते तेव्हा. तिकडे ती सगळी गडबड सुरू व्हायच्या आधी. आपल्याकडच्या पुष्कळ मुली गेल्या होत्या. शिराझला होते मी. घरी पैसे पाठवून जे उरायचं ते साठवत गेले, आणि परत यायच्या आधी बाजारातून हा घेतला. दुकानदार म्हणाला, शंभर वर्षांचा आहे, डोंगरातल्या लोकांनी विणलेला, झाडाच्या मुळीचा रंग."

त्यांनी गालिचा उलगडला आणि मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी एक खरी वस्तू समोर आली होती.

गालिचा पाहायचा म्हणजे आधी उलटा करून पाहायचा. पुढच्या बाजूनं कोणीही फसवू शकतं, मागची बाजू फसवत नाही. मी कोपरा दुमडला. एकेक गाठ हातानं मारलेली, ओळी किंचित वरखाली. झालर नंतर शिवलेली नव्हती. आतलेच उभे धागे बाहेर निघालेले होते, आणि तेही लोकरीचे. पुढच्या बाजूला लाल जमिनीवर मधोमध तीन चौकटी, भोवती बोटाएवढे पक्षी, शिंगांची बकरी, एका कडेला मध्येच एक माणूस. असे गालिचे त्या भागातल्या खेड्यांतल्या बायका घरच्या मागावर विणतात. नमुना कागदावर नसतो, डोक्यात असतो. म्हणून डावीकडचा पक्षी उजवीकडच्यासारखा कधीच नसतो.

"हातचा आहे," मी म्हटलं. "इराणीच आहे. त्याबद्दल शंका नाही."

सिस्टरबाईंनी उंबऱ्याकडे पाहिलं. उंबऱ्यावर तूर निवडणारे हात थांबले होते.

मग मी पुढची बाजू नीट पाहायला लागले. पक्षी पांढरे असायला हवे होते, पण ते गुलाबी होते. सगळे नाही, पण बहुतेक. बकऱ्यांच्या पाठी गुलाबी, चौकटींच्या पांढऱ्या रेघाही गुलाबी. एका बाजूला तर ओला कुंकवाचा हात पुसावा तसा डाग पसरला होता. लाल रंग सुटून पांढऱ्यात उतरला होता.

हा प्रश्न मला विचारावाच लागतो, आणि तो मी नेहमीच्याच सुरात विचारला. "कधी धुतला होता का हा?"

सिस्टरबाई कडुनिंबाचा पाला गोळा करायला लागल्या. मग उंबऱ्यावरून आवाज आला.

"मीनं धुतला. सांगा ना बाई त्यायले, मीनंच खराब केला म्हून."

"वहिनी, मी काही बोलले का?" सिस्टरबाई म्हणाल्या.

"आज नाई बोलल्या."

मला उठून जावंसं वाटलं. दुसऱ्यांच्या घरातलं जुनं भांडण किती खोल असतं ते बाहेरच्याला पहिल्याच वाक्यात कळतं. पण मावशीला आता थांबायचं नव्हतं. ती भिंतीला धरून उठली, गुडघ्यांवर हात ठेवत अंगणात आली आणि माझ्याशी बोलायला लागली, जणू मी पंच आहे.

"माह्यं पोट्टं लहान होतं, ताई. रांगत होतं. बाई वर्ध्याले ड्युटीवर. ह्यायनं थंडी म्हून तो गालिचा खाली टाकला अन् पोट्ट्यानं त्याच्यावर घाण केली. बाई रयवारी येनार होत्या. मले धाक पडला. मी ह्यायले म्हनलं बैलबंडी जुपा, अन् नदीवर नेऊन धुतला. रिठे टाकले, जरासा सोडा टाकला. मले काय मालूम? आमच्याकडे गोधड्या अशाच धुतात. पान्यात टाकला अन् नदी लाल झाली, ताई. मी तिथंच रडाले बसली."

"हे मला माहीत नव्हतं," सिस्टरबाई हळूच म्हणाल्या.

"काय मालूम नोयतं?"

"तू रडलीस ते."

"तुमी इचारलं कधी? तुमी आल्या, पाह्यलं अन् म्हनल्या, ही वस्तू काय हाय ते तुले नाई समजनार. बस. तेवढंच. मंग कोनी पावना आला का ह्याच्या नाड्या सोडाच्या अन् म्हनाचं, धुवाच्या आधी पाहाले पायजे होता."

सिस्टरबाईंनी ते नाकारलं नाही. पाला मुठीत धरून उभ्या राहिल्या.

मला एक गोष्ट खटकत होती. मी गालिच्याशेजारी बसले आणि लाल भागातली लोकर दोन बोटांनी फाकवून टॉर्च लावला. टोकाला विटकरी लाल. पण मुळाशी, जिथं ऊन पोचत नाही तिथं, मिठाईच्या दुकानातल्या रंगासारखा भडक लाल. मुळीचा रंग असा नसतो. मंजिष्ठेच्या मुळीचा लाल उन्हात सावकाश फिका होतो, आणि तो मुळाशी अन् टोकाशी एकाच घरातला वाटतो. हा पुडीतला रंग होता, बाजारातून आणलेला, तोही स्वस्तातला.

मी मावशीला म्हटलं, "वाटीभर पाणी मिळेल का? माठातलं, साधं."

पाणी सिस्टरबाईंनीच आणलं. मी पांढरं कापड भिजवलं, पिळलं, लाल जागेवर ठेवून तळव्यानं नुसतं दाबलं. घासलं नाही. थोडा वेळ थांबून उचललं, तर कापडावर गुलाबी ठसा आला होता.

माझ्या जिवाची थोडी ओढाताण झाली. हा ठसा एका बाईच्या डोक्यावरून मोठा भार उतरवणार होता आणि दुसरीच्या हातातून काहीतरी काढून घेणार होता. पण खरं सांगायचं कबूल करूनच मी आले होते.

"रंग कच्चा आहे," मी म्हटलं. "इतक्या वर्षांनी, एकदा धुतल्यावरही अजून सुटतोय. तेव्हा तर नवाच होता. सोड्यानं थोडं जास्त झालं असेल, ते मी नाही म्हणत नाही. पण नुसत्या गार पाण्यानंही हे झालंच असतं."

"मी धुतला असता तर?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"तरी."

"जयपूरला तुमच्याकडे दिला असता तर?"

"आम्ही आधी हा ठसा घेतला असता आणि धुवायला नाही म्हणून परत पाठवला असता."

त्यांनी माझ्या हातातून कापड घेतलं. त्याची घडी बदलली, कोरी बाजू वर केली, वाटीत बुडवली आणि गालिच्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन स्वतः दाबून पाहिलं. मग मधोमध. मग कडेला. प्रत्येक वेळी कापड उजेडाकडे धरून पाहायच्या. सगळीकडे तेच. आयुष्यभर ज्यांनी थर्मामीटर स्वतःच्या डोळ्यांनी वाचला त्या दुसऱ्याच्या बोलण्यावर कशाला विसंबतील?

"म्हणजे शंभर वर्षांचा नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. तुम्ही घेतला त्याच्या थोडाच आधी विणला असेल. पण काम घरचं आहे, लोकर चांगली आहे. जिनं विणला तिलाही बाजारात हीच पुडी मिळाली असेल. तिनं काही खोटं केलं नाही. दुकानदारानं वय वाढवून सांगितलं, इतकंच."

"मला वाटत होतं मी पारखून घेतला." त्या जराशा हसल्या. "सोबत केरळची एक नर्स होती. ती म्हणत होती, नको घेऊ, फार भडक आहे. मी तिला म्हटलं, तुला काय समजतं."

ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनाच ऐकू आलं. त्या भावजयीकडे वळल्या.

"वहिनी, इकडे ये. हे पाह्य."

मावशीनं कापड हातात घेतलं, बोटानं ठसा चोळला, बोट पाहिलं. "म्हंजे?" तिनं मला विचारलं.

"म्हणजे तुमच्या हातून खराब नाही झाला, मावशी. रंगच तसा होता."

मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल, कदाचित डोळ्यात पाणी येईल. तसं काही झालं नाही. तिचा चेहरा लाल झाला.

"मंग मले काऊन आयकवलं एवढे वर्षं?" ती नणंदेला म्हणाली. "माह्यं पोट्टं आता म्हातारं होऊन राह्यलं! हे गेले, त्यायले बी वाटत होतं का आपल्या बायकोनं बहिनीची वस्तू नासवली. मरेपर्यंत वाटत होतं त्यायले!"

कापड ताडपत्रीवर टाकून ती तरातरा आत गेली. घराच्या मागच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला होता. तिकडचं दार लोटल्याचा आवाज आला.

सिस्टरबाई ताडपत्रीच्या कडेवर बसल्या. मी मोजपट्टी काढून लांबी-रुंदी घ्यायला लागले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. एका कडेची बांधणी उसवली होती, दोन ठिकाणी कसरीनं खाल्लं होतं. ते सगळं मी नको तितक्या बारकाईनं पाहिलं.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या आणि आत जाऊन चहा करायला लागल्या. भांडी कुठं आहेत ते त्यांना फारसं माहीत नसावं. डबे उघडझाप केल्याचे आवाज येत होते. एक कप मला आणून दिला आणि दुसरा घेऊन कापसाच्या खोलीकडे गेल्या. दार उघडंच राहिलं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"चहा घे."

"ठेवा तिथं."

"माझं चुकलं, वहिनी."

कप जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला.

"गालिच्याचं नाही म्हणत मी. तो माझाच कच्चा निघाला. मी तुला बोलले ते. पाहुण्यांसमोर बोलले ते. ते चुकलं."

"तुमच्या दादाले बी सांगाले पायजे होतं."

"पाहिजे होतं. आता कुठून सांगू?"

मग मावशीचा आवाज, जरा उतरलेला : "बसा. उभ्या नका राहू. कापसावरच बसा, काही नाई होत."

त्या दोघी तिथं काय बोलल्या ते पुढचं मला माहीत नाही, कारण मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. तेवढं तरी करायला हवं होतं.

बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे ओले होते आणि मावशीच्या पातळाला कापूस चिकटला होता. सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहून घसा साफ केला. "आता किंमत सांगा," त्या म्हणाल्या.

मी आधी विचारलं, "विकायचा आहे की फक्त माहिती हवी?" खरं तर हे सुरुवातीलाच विचारायचं असतं, पण त्या गडबडीत राहून गेलं होतं.

"विकायचाच आहे."

"काऊन?" मावशीनं विचारलं. तिला हे माहीत नव्हतं हे उघड होतं.

सिस्टरबाई माझ्याकडेच पाहत बोलल्या. "हिचे गुडघे गेलेत. संडास अंगणाच्या पार त्या टोकाला. पावसाळ्यात दोनदा पडली. घरातच, हिच्या खोलीला लागून, खुर्चीचा संडास बांधायचा आहे. पोरगा म्हणतो मी करून देतो, पण त्यालाही त्याचं घर आहे. मला वाटलं, एवढी मौल्यवान वस्तू नुसती बांधून ठेवून काय करायचं."

मी किंमत सांगितली. अगदीच टाकाऊ नव्हती, पण त्यांच्या मनातल्या आकड्याच्या जवळपासही नव्हती. रंग उतरलेला, कड उसवलेली; घेणारा हे सगळं दाखवून आणखी पाडून मागेल, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. वाईट बातमी ऐकायची आणि सांगायची सवय असलेला माणूस जसा डोलावतो तशी.

"द्या मग काढून. जे येईल ते. बाकीचं पेन्शनमधून पाहू."

"काई नाई काढाचा," मावशी म्हणाली.

"वहिनी..."

"एवढे वर्षं त्याच्या पायी आयकून घेतलं मीनं. आता मी त्याच्यावर बसीन. चांगली पाय पसरून बसीन. संडास तुमच्या पेन्शनीतून बांधा, नाई तं नका बांधू."

सिस्टरबाईंना हसू आवरेना. मलाही. मावशी मात्र अजिबात हसत नव्हती. ती मनापासून बोलत होती.

मी त्यांना सांगितलं की वापरायचा असेल तर रोज अंथरलेलाच बरा, बांधून ठेवला की कसर लागते. ओलं मात्र काही लावायचं नाही. आणि उसवलेली कड मी येऊन बांधून देईन. सिस्टरबाईंनी मला येण्याजाण्याच्या भाड्याचं विचारलं, मी नको म्हटलं, तेव्हा मावशीनं पिशवीत पायलीभर तूर ओतली आणि म्हणाली, "आता नाई म्हनू नका."

संक्रांत होऊन गेल्यावर मी कड बांधायला गेले. घराच्या एका बाजूला विटा, रेती, नवीन भिंतीचा गिलावा अजून ओला. शेवटी पुण्याच्या मुलानं आणि सिस्टरबाईंनी मिळून ते काम काढलं होतं. गालिचा पुढच्या खोलीत अंथरलेला होता, गुलाबी पक्ष्यांसकट. मावशी त्याच्यावर भिंतीला टेकून बसली होती, पाय खरंच पसरलेले. सिस्टरबाई खुर्चीवर. माझ्यासाठी चहा आणला तेव्हा कप गालिच्यावर ठेवायचा की नाही यावर दोघींची थोडी चकमक झाली, आणि कप बाजूच्या फरशीवर ठेवण्यात आला. तेवढा मान गालिच्याला अजून होता.

मी सुई घेऊन बसले. कड बांधायचं काम सोपं असतं पण सावकाशीचं. लोकरीचा धागा कडेवरून घालून, ओढून, शेजारी शेजारी बसवत जायचा. मावशी सरकून जवळ आली आणि माझे हात पाहायला लागली. मग म्हणाली, "द्या इकडे, थोडंसं मी करतो." तिचा हात गोधडीचा, टाका लांब पडायचा. मी एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवलं, तिसऱ्यांदा तिला जमलं. आम्ही दोन टोकांनी एकमेकींकडे येत गेलो.

मध्येच, मान वर न करता, तिनं नणंदेला विचारलं, "बाई, तिकडे थंडी पडे का वं?"

"कुठे?"

"जिथून हा आनला तिथं. तुमी कधी सांगतलंच नाई तिथलं. अन् मीबी कधी इचारलं नाई. तिथलं काई काढलं का हाच निघे मधात."

सिस्टरबाई खुर्चीत पुढे सरकल्या. मला वाटलं, जुनं पुन्हा निघतं की काय. पण त्या आठवत होत्या. मग त्या खुर्चीवरून उठल्या, चपला काढल्या आणि खाली गालिच्यावर येऊन बसल्या, मावशीच्या शेजारी.

"थंडी? पहिल्या वर्षी मला बर्फ माहीतच नव्हता," त्यांनी सुरुवात केली. "तिकडे डोंगरावर पडायचा. नाईट ड्युटी करून सकाळी निघाले तर समोरचा अख्खा डोंगर पांढरा. मी घाबरून त्या केरळच्या मुलीला उठवायला गेले, तर ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली. ती तर समुद्राकाठची."

मावशी हसली. सुई हातात तशीच राहिली.

"मंग?"

मग भट्टीतल्या हातभर लांब रोट्या आल्या, त्या कागदात न गुंडाळता हातात धरून रस्त्यानं चालायची गंमत आली, भाषा येत नसताना पेशंटला कुठं दुखतंय हे विचारायची तऱ्हा आली, आणि बाजारात रस्ता चुकून दोघी रडकुंडीला आल्या तेव्हा एका म्हातारीनं हात धरून हॉस्टेलच्या दारापर्यंत आणून सोडलं ते आलं. सिस्टरबाई हातवारे करून सांगत होत्या. मी त्यांना असं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि मावशीनंही पाहिलं नसावं.

उरलेली कड मी एकटीनंच पूर्ण केली. धागा तोडला, सुई डबीत ठेवली. पुलगावहून वर्ध्याची बस गाठायची होती. मी निघते म्हटलं तेव्हा मावशीनं माझ्याकडे पाहून घाईघाईत मान हलवली. "येजा ताई, परत येजा," असं म्हणून ती लगेच नणंदेकडे वळली. "हं, त्या म्हातारीचं काय झालं मंग?"

मी दार ओढून घेतलं आणि ऑटो पाहायला रस्त्यावर आले.